सोवळे नास्तिक

अण्णांचा देवावरचा विश्वास उडाला तो एका गायीच्या किमतीवरून. घरात कुणी अकाली गेलं, नवस फळला नाही, एखादं पुस्तक वाचून डोळे उघडले, असलं काहीही घडलं नव्हतं. साल १९६०, गाव वाई, वय बारा. वडील भिक्षुकी करायचे आणि सुट्टीत अण्णा त्यांच्यामागून पळी-पंचपात्री घेऊन जायचे. एका घरी म्हातारे यजमान शेवटच्या घटका मोजत होते. वैतरणी ओलांडायची तर गायीचं शेपूट धरावं लागतं, म्हणजे गोदान करायला हवं. गोठ्यात गाय नव्हती. पण शास्त्राने अडचणीच्या वेळची सोय आधीच करून ठेवलेली असते : गाय नसेल तर तिचं मोल द्यावं. थोरल्या मुलाने ताम्हनात सव्वा रुपया ठेवला, वडिलांनी संकल्प सोडला आणि म्हातारबा पैलतीराला लागले.

घरी येताना अण्णांनी विचारलं, “नाना, आठवडी बाजारात दुभती गाय दोनशेच्या खाली मिळत नाही. मग वरती सव्वा रुपयाची कशी चालते?”

नानांनी भर रस्त्यात एक थोबाडीत दिली. अण्णांच्या आयुष्यातला हा पहिला ऑडिट आक्षेप. त्याचं उत्तर त्यांना मिळालं, पण फार उशिरा. ते पुढे येईलच.

मोठेपणी ते लोकल फंड ऑडिटमध्ये लागले याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. ग्रामपंचायती आणि पंचायत समित्यांची दप्तरं तपासण्यात हयात गेली. कागदावर बांधलेला पाझर तलाव शिवारात शोधत हा माणूस भर उन्हात फिरायचा आणि तो सापडला नाही की शांतपणे ‘रक्कम वसूलपात्र’ असं लिहून पुढच्या गावाला जायचा. देवाबद्दलही त्यांचं म्हणणं एवढंच आहे : दप्तरी नोंद आहे, जागेवर मालमत्ता आढळून येत नाही.

निवृत्तीनंतर ते आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले आणि मला या जातीचा नमुना जवळून पाहायला मिळाला. सोवळे नास्तिक म्हणजे देव टाकून दिलेला पण सोवळं न सोडलेला माणूस. मराठी मुलखात दर गावात असा एक तरी असतोच. खांद्याला कापडी पिशवी, खिशात छोटी वही, रिक्षावाल्याला द्यायला मोजून सुटे पैसे. लग्नात ते अक्षता टाकत नाहीत; कारण विचारलं तर तांदूळ वाया जातो म्हणतात. पूजेचं आमंत्रण आलं तर जेवायच्या वेळेला जातात, पण यजमानाला आधी कळवून, म्हणजे गैरसमज नको.

या जातीला घराणं आहे, आणि ते चांगलंच कडक आहे. आगरकरांनी देव नाकारला आणि पुण्याच्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या मिळण्यासारख्या असताना ते तुटपुंज्या पगारावर शिकवत राहिले आणि १८९५ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, दम्याने गेले. र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली, पदरमोड करून १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, वर अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. अण्णांच्या वाईतच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. त्यांनी प्राज्ञ पाठशाळेत शास्त्र पचवलं आणि मग ‘हिंदुधर्माची समीक्षा’ केली. यातल्या कुणीही देव सोडला आणि चैन केली, असं दिसत नाही. देव नसला तर माणूस मोकाट सुटेल अशी भीती घालणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी. मराठी नास्तिकाने देव सोडल्याबरोबर बहुधा पगार सोडला, प्रकृती घालवली आणि झोप गमावली. कर्ज काढून तूप प्यायला सांगणाऱ्या चार्वाकाचं नाव अण्णा अभिमानाने घेतात, पण डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांचं तूप बंद आहे आणि कर्ज त्यांनी जन्मात काढलेलं नाही.

आगरकरांचा मात्र त्यांना थोडा हेवा वाटतो. आपली प्रेतयात्रा कुणी काढत नाही, याची खंत त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली आहे. अण्णांनी देव नाही म्हटलं की आमच्या मजल्यावरचे लोक, “तुमचंही बरोबर आहे, अण्णा,” म्हणतात आणि लिफ्टचं बटण दाबतात.

या बाबतीत त्यांच्याशी पहिल्यांदा कुणीतरी वाद घातला तो जनगणनेत. २०११ च्या जनगणनेला प्रगणक म्हणून शाळेतल्या बाई आल्या होत्या. धर्माच्या रकान्यात हिंदूंसाठी १, मुसलमानांसाठी २, असे सहा धर्मांना आकडे ठरलेले. बाई दमून म्हणाल्या, “काका, एक टाकते ना. तुमचं लिहायचं तर पूर्ण अक्षरांत लिहावं लागेल.” अण्णा म्हणाले, “मी स्पेलिंग सांगतो.” पुढे आकडे जाहीर झाले. साऱ्या देशात स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे सुमारे ३३ हजार निघाले आणि त्यांतले साडेनऊ हजारांच्या वर महाराष्ट्रातले. अण्णा महिनाभर खुशीत होते. मग संशय आला की एवढे निघालेच कसे, आणि यांतल्या किती जणांची पडताळणी झाली?

काकू म्हणजे त्यांची पत्नी. त्या पक्क्या देवभोळ्या. देवघर, सोळा सोमवार, चातुर्मास, सगळं यथासांग. नवऱ्याच्या नास्तिकपणाबद्दल त्यांची काही तक्रार नाही, सोवळ्याबद्दल मात्र आहे. “सासूबाईंचं सोवळं परवडलं,” त्या म्हणतात. “दुपारची जेवणं झाली की संपायचं. ह्यांचं चोवीस तास.”

काकूंचं खरं आहे. अण्णांच्या आईला माणसं विटाळायची आणि अण्णांना व्यवहार विटाळतात, ही सुधारणाच म्हणायची. पण घरच्यांना जाच तेवढाच. चौथ्या मजल्यावरच्या एकाने बाल्कनी बंद करून बेकायदा खोली काढली आहे. त्याच्याकडे अण्णा चहा घेतात, पण त्या खोलीत बसत नाहीत. त्याने कितीदा खुर्ची तिकडे सरकवून पाहिली. पंखा तिकडेच आहे. अण्णा घाम पुसत बाहेरच्या खोलीत बसतात आणि चहा चांगला झाल्याचं सांगून उठतात.

मुलीच्या बाळंतपणासाठी काकू दोन महिने बंगळुरूला गेल्या, तेव्हा जाताना एवढंच म्हणाल्या, “देवांना पारोसं ठेवू नका.” अण्णांनी रोज देव घासले, पुसले, ताजं फूल वाहिलं, समईची वात बदलली आणि सकाळी साडेसातला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. खाली लिहिलेलं असायचं : अनुपालन झाले. मंत्र एकही म्हटला नाही. मी विचारलं, देव नाही तर हे कशासाठी? म्हणाले, “देव नाही, पण हिला हो म्हटलंय ते आहे.” काकूंचं म्हणणं, त्या साठ दिवसांत देव जेवढे लखलखीत होते तेवढे त्यांनी स्वतः कधी ठेवले नव्हते.

मग आला जिन्याचा प्रश्न. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यांत लोक पानाच्या पिचकाऱ्या मारायचे. समितीने ठराव करून देवादिकांच्या टाइल्स बसवल्या. पहिल्या मजल्याला गणपती, दुसऱ्याला साईबाबा, तिसऱ्याला क्रूस, चौथ्याला मक्का. सर्वधर्मसमभाव इतका ठसठशीत मी राज्यघटनेबाहेर दुसरीकडे पाहिलेला नाही. सभेत विरोध केला तो एकट्या अण्णांनी, आणि तोही देवाच्या बाजूने. “ज्याला तुम्ही जगाचा मालक म्हणता, त्याला थुंकी अडवायला जिन्यात उभं करता? पगार किती देता?” मग त्यांनी न्यूकॅसल विद्यापीठातला २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. तिथल्या एका विभागात चहा-कॉफी घेऊन ज्याने त्याने आपल्या हाताने डब्यात पैसे टाकायचे. संशोधकांनी वर एक आठवडा फुलांचं चित्र लावलं, एक आठवडा माणसाच्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले. पुढच्या काही प्रयोगांत हा परिणाम दिसला नाही, हेही अण्णांनी लगेच सांगितलं. अर्धा पुरावा ते देत नाहीत. तरी त्यांचं म्हणणं असं, की बघणारे डोळे असले म्हणजे झालं, ते देवाचे कशाला हवेत? “दुसऱ्या मजल्यावर साईबाबांच्या जागी माझा फोटो लावा,” अण्णा म्हणाले.

सभा हसली आणि हसता हसता ठराव मंजूर झाला. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला, गुन्हेगारासारखा दिसणारा तो फोटो मोठा करून लावला. दुसऱ्या मजल्यावर पिचकारी बंद झाली, ती कायमची. बाकीच्या मजल्यांवर कमी झाली, बंद झाली नाही. यामागचं शास्त्र मला विचारू नका. बाप्पा क्षमा करतो आणि अण्णा दार वाजवतात, एवढा फरक लोकांना कळतो. पण महिन्याभराने एका संकष्टीला त्या फोटोवर जास्वंदीचं फूल दिसलं. चौकशी केली तर जिना झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, “माझं काम कमी केलं त्यांनी. मग फूल नको व्हायला?” अण्णा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. काकूंनी फूल काढलं ते वेगळ्या कारणाने : जिवंत माणसाच्या फोटोला फूल वाहू नये.

याच सुमारास काकूंच्या आग्रहाखातर ते दोघे शनिशिंगणापूरला जाऊन आले. तिथं घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, चोरी केली तर शनी बघून घेतो असा समज. अण्णांना हा एकच देव थोडाफार पटतो. त्यांच्या मते साऱ्या देवमंडळींत इंटर्नल कंट्रोल फक्त त्याच्याकडे आहे. काकू चौथऱ्याकडे गेल्या आणि अण्णा बँकेकडे. तिथं युको बँकेने २०११ साली कुलपाशिवायची शाखा उघडली, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. काचेचं दार त्यांनी खालून, वरून, बाजूने निरखलं आणि शेवटी चौकटीत लपवलेलं विजेवर चालणारं चुंबकी कुलूप शोधून काढलं. काकू तेल वाहून परतल्या तेव्हा दोघांचेही चेहरे सारखेच उजळलेले होते. दोघांनाही दर्शन झालं होतं.

आता खजिनदारकीचं. आमच्या सोसायटीचा गणपती जुना. त्याचे आजवरचे खजिनदार एकापेक्षा एक भाविक. एकाने वर्गणीतून मुलीच्या लग्नाचा हॉल बुक केला आणि चार महिन्यांनी पैसे परत आणून ठेवले. व्याजाचं कुणी विचारलं तर म्हणाला, “त्याचेच पैसे, त्याच्याच लेकीच्या लग्नाला.” दुसऱ्याकडे हिशेब मागितला की तो मूर्तीकडे बोट दाखवून म्हणायचा, “त्याला सगळं माहीत आहे.” माहीत असेलही, पण तो सभेला येऊन सांगत नव्हता. सर्वसाधारण सभेत अण्णांनी व्हाउचर मागितली आणि सेक्रेटरी तडकून म्हणाले, “मग तुम्हीच का होत नाही?” अण्णा झाले. अट एकच घातली : आरतीला उभा राहीन, हात जोडणार नाही, मोदक घेईन, पण प्रसाद म्हणून नाही, मोदक म्हणून.

पहिल्याच वर्षी गुरुजींना दक्षिणा द्यायची वेळ आली. एक्कावन्नशे रुपये. अण्णांनी पावती पुढे केली. पाच हजारांवर रक्कम गेली म्हणून वर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला. गुरुजी म्हणाले, “दक्षिणेला पावती?” अण्णा म्हणाले, “दक्षिणा तुमची, पैसे वर्गणीदारांचे.” गुरुजींनी सही केली, आणि पुढच्या वर्षी दक्षिणा पाच हजारच मागितली.

मोदक बाहेरून करून आणतात. ऑर्डर दोनशे एक्कावन्नची. अण्णांनी पाट मांडून मोजले तर भरले दोनशे अडतीस. बाकीच्यांनी म्हटलं, जाऊ द्या हो अण्णा, नैवेद्याचं काय मोजायचं. अण्णांनी बिलातून तेरा मोदकांचे पैसे कापले. इमारतीतले पन्नास आस्तिक एका बाजूला आणि बाप्पाच्या तेरा मोदकांसाठी भांडणारा एकटा नास्तिक दुसऱ्या बाजूला, असं ते दृश्य होतं. २०१७ साली दानपेटी उघडली तेव्हा आत हजाराची जुनी नोट निघाली. नोटाबंदी होऊन वर्ष होत आलेलं. बँक घेत नाही, पेट्रोलपंप घेत नाही, तेव्हा बाप्पा घेईल, असा कुणीतरी विचार केलेला. लोक हसले. अण्णांनी पंचनामा केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, अशा नोटा दहापर्यंत बाळगायला कायद्याची हरकत नाही हे पाहून घेतलं आणि नोट फायलीला लावली. आजही कुणी त्यांच्यापुढे श्रद्धेवर बोलायला लागलं की ते फाईल काढतात.

या सगळ्या हसण्याखिदळण्यात एक सकाळ आली होती. २० ऑगस्ट २०१३. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. दाभोलकर साताऱ्याचे, म्हणजे अण्णांच्या जिल्ह्यातले. अण्णांनी त्यांची व्याख्यानं ऐकलेली, त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्राची वर्गणी नेमाने भरलेली. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. अण्णाही रोज पहाटे एकटेच फिरायला जायचे. दुसऱ्या दिवशी काकू, ज्यांनी जन्मात कधी व्यायाम केला नव्हता, जावयाने आणलेले बूट घालून त्यांच्याबरोबर निघाल्या. गुडघे दुखत होते तरी आठवडे न् आठवडे जात राहिल्या. “मी बरोबर असले की देव बघतो,” एवढंच म्हणाल्या. अण्णांनी आक्षेप घेतला नाही. डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा त्याची प्रत त्यांनी काकूंनाच वाचून दाखवली.

सोवळ्याची किंमत घरच्यांनी भरलेली असते, आणि हे लिहिल्याशिवाय व्यक्तिचित्र पुरं व्हायचं नाही. अण्णा घर शोधत होते त्या काळात एका बिल्डरने निम्मी रक्कम रोखीत मागितली. त्याच्या डोक्यामागे स्वामी समर्थांची मोठी तसबीर, समोर उदबत्ती. अण्णा उठून आले. दुसरीकडे गेले, तिथंही तेच. तसबीर फक्त वेगळ्या महाराजांची. पूर्ण रक्कम चेकने घेणारा माणूस मिळेपर्यंत मुलगा कॉलेजात गेला होता आणि तोवरचा सगळा अभ्यास त्याने भाड्याच्या खोलीत ओट्याखाली दिवा लावून केला होता. “देव मानणाऱ्यांच्या पोरांना स्वतःच्या खोल्या होत्या,” असं तो अजून म्हणतो. त्याच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि अण्णांकडेही नाही.

हा मुलगा ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. देव आहे की नाही या प्रश्नात त्याला रस नाही. मंगळवारी सिद्धिविनायकाला जातो, रविवारी ध्यानाच्या वर्गाला जातो आणि विचारलं तर “तसं मी धार्मिक नाही” म्हणतो. एकदा तो भाड्याच्या पावत्यांचं पुस्तक घेऊन वडिलांपुढे बसला. कर वाचवायला घरभाडं दाखवायचं होतं. राहायचा बापाच्याच घरात, भाडं एक पैसा नाही. “बाबा, नुसत्या सह्या हव्यात. वर्षाला लाखाच्या वर गेलं तर पॅन नंबर लागतो, तोही द्या.”

“मी भाडं घेत नाही.”

“सगळे करतात.”

मला विचाराल तर, देवाची रिकामी झालेली जागा या दोन शब्दांनी घेतली आहे. त्यांना आस्तिकही भजतात, नास्तिकही. त्यांचं देऊळ लागत नाही, उपास लागत नाही आणि ते कुणालाही विटाळ मानत नाहीत.

मग मुलाने खरा प्रश्न विचारला. “देव नाही असं तुम्हीच म्हणता. पाप-पुण्य नाही, चित्रगुप्त नाही. मग तुम्हाला पकडणार कोण?”

चित्रगुप्ताबद्दल अण्णांचं मत पूर्वीपासून वाईट आहे. दप्तर लिहिणारा आणि तपासणारा एकच, म्हणजे घोटाळा होणारच. पण प्रश्न चित्रगुप्ताचा नव्हता. अण्णा जेवले, हात धुतले आणि म्हणाले, “उत्तर देता येत नाही. सही होत नाही, एवढं खरं.” आठवड्याने त्यांनी तोड काढली : तू मला खरंच भाडं दे, मी माझ्या रिटर्नमध्ये उत्पन्न दाखवतो. मुलाने वैतागून महिना बारा हजार सुरू केले. अकरा महिन्यांनी अण्णांनी रीतसर दहा टक्के वाढवले. सुनेने मग हसत हसत सांगितलं, “घरमालक, न्हाणीघराचा नळ गळतोय.” दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर, आणि बिल अण्णांच्या खिशातून.

कट्ट्यावर हा किस्सा रंगला तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दोस्तोयेव्हस्की काढला. ‘कारमाझोव बंधू’मधल्या इव्हानचा सिद्धान्त असा, की देव आणि अमरत्व नसेल तर माणसाला सगळ्याचीच मुभा आहे. अण्णा म्हणाले, “त्याच्या रशियाचं मला ठाऊक नाही. इथं नाक्यानाक्यावर देऊळ आहे आणि सगळ्यालाच मुभा आहे.” प्राध्यापक ऐकणारे नव्हते. ते म्हणाले, “अण्णा, तुमचा प्रामाणिकपणा तुमचा नाही. भिक्षुक घराण्याची ठेव आहे, तुम्ही व्याजावर जगताय. तुमच्या नातीपर्यंत ठेव संपलेली असेल.”

तेव्हा अण्णांनी ते उशिरा मिळालेलं उत्तर सांगितलं. नाना गेल्यावर वाईचा वाडा आवरताना एक लाल वही सापडली. त्यात भिक्षुकीची जमा, आणि शेवटी वेगळी पानं : ‘गोनिष्क्रय’. ज्या ज्या घरी गाय म्हणून सव्वा रुपया मिळाला, त्या त्या घराची तारखेसह नोंद, आणि दर दिवाळीला त्या सगळ्या रकमेचा कडबा घेऊन गावातल्या भाकड गायींना घातल्याचा खर्च. नानांनी त्यातला एक पैसा घरी आणला नव्हता, आणि थोबाडीत देण्यापलीकडे हे कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. अण्णांनी तिथंच ओसरीवर बसून पानापानाच्या बेरजा तपासल्या. बरोबर होत्या.

“झालं तर मग,” प्राध्यापक म्हणाले. “ठेव नानांची. आणि नाना आस्तिक.”

“आस्तिक तर अख्खी आळी होती,” अण्णा म्हणाले. “वही एकट्या नानांचीच सापडली. तेव्हा मुद्दल कुणी भरलं ते आधी ठरवा. देवाने की माझ्या बापाने?”

कट्ट्यावर यावर अजून दोन तट आहेत. मी अण्णांच्या बाजूचा आहे, पण नातीबद्दल प्राध्यापकांना जी काळजी वाटते ती मलाही वाटते. देव हरवला म्हणून नव्हे. वही लिहिणारे दिसत नाहीत म्हणून.

अण्णांची आता पंचाहत्तरी उलटली आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि यंदाच्या सभेत त्यांनी खजिनदारकीचा राजीनामा दिला, सोबत सगळ्या वर्षांचे ताळेबंद बांधून. सेक्रेटरींनी तरुण मंडळींकडे पाहिलं. देव न मानणारे सहाजण लगेच निघाले. व्हाउचर दाखवलं तर त्यांतले पाच म्हणाले, “एवढं कशाला, काका, जीपे करून टाकू ना,” आणि सहावा म्हणाला, बघतो. भाविकांपैकी तिघांनी तयारी दाखवली, पण अण्णांनी त्यांना मागची फाईल वाचायला दिल्यावर ते परत फिरकले नाहीत.

तेव्हा जागा रिकामी आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कळवा. आस्तिक असला तरी चालेल, नास्तिक असला तरी चालेल. पावती मागताना लाजणारा नको. पगार नाही. मोदक मिळतील, मोजून.